कोगा निंपोचो

कोगा निंपोचो : निंजांच्या कुलवैरावरील प्रसिद्ध जपानी कादंबरी. यामादा फूतारो (१९२२–२००१) हा तिचा कर्ता. १९५८–५९ मध्ये ती एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली व १९५९ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. ‘निंपो’ म्हणजे निंजांची गुप्तविद्या आणि ‘चो’ म्हणजे वही. तेव्हा ‘कोगांच्या निंजाविद्येची वही’ असा शीर्षकाचा अर्थ होतो. सेगावा मासाकी ह्याने तिच्यावरून बॅसिलिस्क ही चित्रकथा (मांगा) रचली (२००३–०४) आणि तिच्या आधारे त्याच नावाची, २४ भागांची ॲनिमे मालिका २००५ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. निंजा म्हटल्यावर आज जगभर जी कल्पना केली जाते, तिची घडण ज्या थोड्या साहित्यकृतींनी केली, त्यांत ह्या कादंबरीचा समावेश करावा लागतो. तथापि तिचा खरा विषय गुप्तविद्येचे चमत्कार हा नाही. प्रतिष्ठा नावाची वस्तू कोणाच्या मालकीची असते आणि तिच्यासाठी मरणाऱ्याला तीतून काय मिळते, हा तिचा विषय होय.

यामादाचे मूळ नाव सेइया. ह्योगो प्रांतातील सेकिनोमिया येथे वैद्यकी करणाऱ्या घराण्यात त्याचा जन्म झाला. बालपणीच वडील आणि किशोरवयात आई वारल्यामुळे तो पोरका झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो टोकिओत वैद्यकाचे शिक्षण घेत होता. प्रकृती क्षीण असल्याने सैन्यात त्याची भरती झाली नाही. १९४७ मध्ये त्याची पहिली रहस्यकथा प्रसिद्ध झाली. एदोगावा राम्पो ह्या जपानी रहस्यकथेच्या अध्वर्यूने त्याला उत्तेजन दिले. (राम्पोचा मृत्यू १९६५ मध्ये २८ जुलै रोजी झाला, छत्तीस वर्षांनी त्याच तारखेस यामादाही वारला.) वैद्यकाची पदवी मिळवूनही त्याने व्यवसाय केला नाही, पण शरीरशास्त्राचे ज्ञान त्याच्या कथालेखनाला निराळ्याच रीतीने उपयोगी पडले.

इगा आणि कोगा हे मध्य जपानमधील शेजारशेजारचे डोंगराळ प्रदेश. पहिला आजच्या मिए प्रांतात, तर दुसरा शिगा प्रांतात मोडतो. पंधराव्या-सोळाव्या शतकांत येथे कोणा बड्या सरदाराची सत्ता फारशी रुजली नाही. लहान लहान भूधारक घराण्यांनी आपापसांत करार करून कारभार चालविला. हेरगिरी, रात्रीचे छापे व किल्ल्यांत शिरकाव ह्यांत तरबेज असलेली येथील माणसे सरदारांकडे मोलाने चाकरी करीत. ओदा नोबुनागाच्या फौजांनी १५८१ मध्ये इगा बेचिराख केला. पुढच्याच वर्षी नोबुनागाचा घात झाला, तेव्हा संकटात सापडलेल्या तोकुगावा इएयासूला इगाच्या डोंगरांतून सुखरूप पार करण्यास हात्तोरी हान्झो व दोन्ही प्रदेशांतील लोकांनी साहाय्य केले. पुढे तोकुगावांच्या एदो येथील पहाऱ्यावर इगा आणि कोगा अशी दोन्ही पथके होती. ह्या इतिहासात चारशे वर्षांच्या वैराचा मागमूस नाही. शेजारधर्म आणि सहकार्य ह्यांचेच पुरावे अधिक आहेत. १६७६ मध्ये संकलित झालेल्या बान्सेन्शूकाई ह्या निंजाविद्येच्या ग्रंथात तर दोन्हींकडील परंपरा एकत्र केलेल्या आढळतात. वैर आहे ते कथाकारांचे. मात्र ते लोकमानसात इतके रुजले आहे, की भारतात दूरचित्रवाणीमुळे महाराष्ट्रातील मुलांनाही परिचित झालेल्या निंजा हात्तोरी ह्या विनोदी मालिकेतही नायक इगाचा आणि त्याचा खोडकर प्रतिस्पर्धी कोगाचा असतो.

कादंबरीचा काळ १६१४ हा आहे. शोगुनपद मुलाकडे सोपवून इएयासू सुंपूच्या किल्ल्यात राहत आहे. मुलगा हिदेतादा ह्याच्यानंतर गादी कोणाची, हा प्रश्न त्याला छळतो. ताकेचियो व कुनिचियो ह्या दोन नातवांमागे दोन तट उभे आहेत. ओसाकाच्या तोयोतोमींशी अखेरचा संग्राम तोंडावर असताना घरात यादवी परवडणारी नाही. तेव्हा तेन्काई ह्या धर्मगुरूच्या सल्ल्याने तो एक तोड काढतो. इगा व कोगा ह्या दोन कुळांना हात्तोरी घराण्याने तहाने बांधून ठेवले आहे. तो तह उठवायचा, प्रत्येक कुळाचे दहा निंजा निवडायचे आणि त्यांना झुंजवायचे. इगा जिंकल्यास ताकेचियो, कोगा जिंकल्यास कुनिचियो. वीसही नावे दोन गुंडाळ्यांवर लिहून एकेक गुंडाळी प्रत्येक कुळाला दिली जाते. मरणाऱ्याचे नाव रक्ताने खोडायचे आणि उरलेल्यांनी गुंडाळी घेऊन सुंपूस यायचे. कुलप्रमुख कोगा दान्जो आणि इगाची वृद्ध ओगेन हे तारुण्यात एकमेकांचे प्रणयी होते. पहिले बळी त्यांचेच, आणि तेही परस्परांच्या हातून. त्यांची नातवंडे गेन्नोसुके आणि ओबोरो ह्यांचा विवाह ठरलेला आहे. तह उठला तेव्हा गेन्नोसुके ओबोरोच्या गावी पाहुणा आहे.

ह्या कथानकाची तुलना नेहमी शेक्सपिअरच्या रोमिओ अँड ज्युलिएटशी केली जाते. ती सोयीची असली, तरी दिशाभूल करणारी आहे. व्हेरोनातील वैर रस्त्यावर चालू असते आणि राज्यकर्ता ते शमवू पाहतो. येथे वैर झोपी गेलेले आहे. तरुण पिढी ते विवाहाने कायमचे मिटविण्याच्या बेतात आहे आणि राज्यकर्ताच त्याला जागे करतो. यामादाच्या शोकात्मिकेचे बीज ह्या उलटापालटीत आहे. वीस माणसे ज्या द्वेषाने लढतात तो त्यांचा असला, तरी तो केव्हा पेटावा व कशासाठी, हे त्यांच्या हाती नाही. आपण कोणत्या राजपुत्रासाठी मरत आहोत, हे त्यांतील बहुतेकांना मरेपर्यंत ठाऊक नसते.

नाव ही ह्या कादंबरीतील मध्यवर्ती कल्पना होय. सामुराई परंपरेत नाव हीच प्रतिष्ठा. रणांगणात आपले नाव व कूळ पुकारून मग प्रतिपक्षावर चालून जाण्याचा योद्ध्यांचा प्रघात युद्धकथांनी अजरामर केला आहे. निंजाचा धंदाच उलटा : वेष, चेहरा, आवाज सारे उसने, नाव लपविण्यावरच प्राण अवलंबून. अशा माणसांची नावे राजाज्ञेने प्रथमच कागदावर उतरतात, ती खोडली जाण्यासाठी. ज्या मानासाठी सामुराई मरतो, तो मान ह्या लोकांना मिळतो तो मृत्युपत्रिकेच्या रूपाने. आपले नाव यादीत आहे ह्याचा काहींना अभिमानही वाटतो. हा अभिमान यामादा कोठेही खोडून काढीत नाही, की त्यावर भाष्य करीत नाही. फक्त पुढच्या प्रकरणात ते नाव रक्ताच्या रेघेखाली गेलेले दाखवितो.

युद्धाची रीतही प्रतिष्ठेच्या कल्पनेशी विसंगत आहे. कोगाकडे जाणारी गुंडाळी इगाचे लोक वाटेतच हस्तगत करतात. परिणामी एका पक्षाला युद्ध सुरू झाल्याचे कळतच नाही आणि त्याची माणसे बेसावध असताना मारली जातात. कोगाचा किसारागी साएमोन शत्रूचा चेहरा धारण करून शत्रूच्या विश्वासाचाच घात करतो. दोन्ही बाजू सारख्याच कपटी आहेत. ह्या कपटात एकच माणूस वेगळा वागतो. सत्य उमगल्यावर गेन्नोसुके सूडासाठी धावत नाही. तह का उठविला, ह्याचे कारण विचारण्यासाठी तो सरळ सुंपूची वाट धरतो. चारशे वर्षांत कोणी न विचारलेला प्रश्न तो विचारतो. त्याच्या अनुयायांना मात्र ही दिरंगाई आणि प्रेमापोटी आलेली दुर्बलता वाटते. प्रतिष्ठेच्या नावाखाली कारण विचारण्यासच बंदी असते, हे कादंबरीतील सर्वांत मर्मभेदक निरीक्षण म्हणता येईल.

नायक-नायिकांच्या अलौकिक शक्ती ह्याच अर्थाला पोषक आहेत. गेन्नोसुकेच्या नजरेस नजर देऊन जो हत्येच्या इराद्याने येतो, त्याचे शस्त्र त्याच्यावरच उलटते. ओबोरोला एकही विद्या येत नाही. पण तिने पाहिले की कोणाचीही विद्या लोपते. एकाची दृष्टी द्वेष त्याच्या स्वामीकडे परत पाठविते, तर दुसरीची तो निःशस्त्र करते. युद्ध थांबविण्याला ह्याहून समर्थ जोडी नाही. आणि म्हणूनच कथेच्या मध्यावर दोघांचेही डोळे मिटतात. ओबोरो सात रात्री आंधळे करणारे औषध आपल्या हाताने डोळ्यांना लावते, तर गेन्नोसुकेवर तेच औषध शत्रू कपटाने टाकतो. दोन्ही कुळांचे नायक अंध आणि हत्या डोळसपणे चाललेली, असे हे चित्र आहे. इगाचा याकुशिजी तेन्झेन हा त्यांच्या नेमका उलट. त्याच्या देहात दडलेली शक्ती प्रत्येक जखम भरून काढते, त्यामुळे तो मारला तरी पुन्हा उठतो. ओबोरोच्या अभिलाषेने तो वैर धगधगत ठेवतो. दृष्टी परत आलेली ओबोरो त्याच्याकडे पाहते, तेव्हाच तो कायमचा मरतो. जुने वैर मरून मरून पुन्हा का उठते, ह्याचे इतके साधे रूपक क्वचितच कोणाला सुचले असेल.

इतर निंजांच्या विद्या शरीरविकारांसारख्या रंगविलेल्या आहेत. मिठाने विरघळणारा देह, त्वचेतून उसळणारे रक्ताचे धुके, हातपाय नसलेल्या माणसाच्या घशातून निघणारे पाते अशा गोष्टींची कारणमीमांसा यामादा वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाच्या थाटात देतो. ह्या खोट्या शास्त्रीयतेत विनोदाचा अंश आहे. त्याबरोबरच पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुलसाधनेने माणसाचे हत्यार कसे बनते, ह्याची भीषण जाणीवही तीत आहे. कोगाची कागेरो ही आपल्याकडील विषकन्येची आठवण करून देते. तिचा श्वास कामावेगाच्या क्षणी विषारी होतो. तेव्हा ज्याच्यावर तिचे प्रेम आहे, त्या गेन्नोसुकेजवळ जाणे तिला अशक्य. कुळाने दिलेले सामर्थ्य हीच तिची शिक्षा आहे. मात्र स्त्रियांच्या देहांचे वर्णन करताना यामादा अनेकदा कामुक मासिककथेच्या पातळीवर उतरतो. त्यांच्या विटंबनेचे प्रसंग कथेच्या गरजेपेक्षा लांबतात आणि काळाच्या अभिरुचीकडे बोट दाखवून हा दोष झाकता येत नाही.

अखेरीस गेन्नोसुके आणि ओबोरो हे दोघेच उरतात. ताकेचियोची दाई ओफुकू (पुढे कासुगा नो त्सुबोने म्हणून प्रसिद्धीस आलेली) हिच्या माणसांसमक्ष ओबोरोने गेन्नोसुकेस मारावे, अशी व्यवस्था होते. ती तलवार स्वतःच्या छातीत खुपसते. गेन्नोसुके गुंडाळीवरील दोन्ही नावे खोडतो, अखेर उरली ती इगाची ओबोरो असे रक्ताने नोंदवितो आणि स्वतः मरण पत्करतो. चिकामात्सु मोन्झाएमोनच्या (१६५३–१७२५) नाटकांनी रूढ केलेल्या प्रेमीयुगुलाच्या सहमरणाशी हा शेवट मिळताजुळता आहे. पण चिकामात्सुच्या प्रेमिकांना परलोकी मीलनाची आशा असते. यामादाने ती ठेवलेली नाही. त्याने ठेवली आहे ती एक खोटी नोंद. परक्याच्या हाताने लिहिलेल्या ह्या यादीत कोगाचा वारस जे एकच वाक्य आपणहून लिहितो, त्याने त्याच्या कुळाचा पराभव होतो. कुलप्रतिष्ठेच्या मापाने हा द्रोह आहे. कादंबरीत मात्र प्रतिष्ठेचे म्हणावे असे कृत्य हेच एक आहे. इतिहास जाणणाऱ्या वाचकाला आणखी एक उपरोध जाणवतो. ताकेचियो हा इएमित्सू ह्या नावाने १६२३ मध्ये शोगुन झालाच, आणि धाकटा भाऊ तादानागा ह्याला पुढे त्याच्याच कारकिर्दीत आत्महत्या करावी लागली. वीस जणांच्या रक्ताने राजघराण्यातील ती एक हत्याही टळली नाही.

यामादाची १९४५ सालची रोजनिशी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकात त्याने स्वतःला युद्धकालीन पिढीतील न लढलेला माणूस म्हटले आहे. त्याच्या वयाची मुले राष्ट्रासाठी मरण्याच्या आज्ञा घेऊन गेली आणि तो मागे राहिला. कोगा निंपोचो ही त्या अनुभवाची रूपककथा आहे, असे सरसकट म्हणणे अतिरेकाचे होईल. मनोरंजनाच्या मासिकासाठी ती लिहिली गेली आणि त्या हेतूशी ती प्रामाणिक आहे. तरीही वरून आलेली आज्ञा, तिचे कारण न कळता तिला आपला मान समजणारी तरुण माणसे आणि यादीतून एकेक करून नाहीशी होणारी नावे, हे सारे युद्धानंतर अवघ्या चौदा वर्षांनी वाचणाऱ्याला दूरच्या काळातले वाटले नसावे.

सेगावाच्या चित्रकथेस २००४ मध्ये कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. बॅसिलिस्क हा युरोपीय दंतकथांतील नजरेने मारणारा सर्प. आपल्या परंपरेतील ‘दृष्टिविष’ सर्पाशी त्याचे साम्य आहे. शीर्षकानेच सेगावाने कथेचा भर डोळ्यांवर आणला. किझाकी फुमिनोरी ह्याने दिग्दर्शित केलेली आणि गोंझो ह्या संस्थेने निर्मिलेली ॲनिमे मालिका चित्रकथेला पुष्कळ अंशी धरून असली, तरी तिचा सूर वेगळा आहे. यामादाचा निवेदक थंड असतो. एका परिच्छेदात पात्र आणून पुढच्या पानावर मारण्याची त्याला दिक्कत नाही. मालिकेला वेळ भरपूर आहे. ती दान्जो व ओगेन ह्यांचा भूतकाळ सविस्तर दाखविते, याशामारू आणि होतारुबी ह्यांच्या प्रेमाला अवकाश देते, मरणाऱ्या प्रत्येकामागे कोणीतरी रडणारे उभे करते. त्यामुळे प्रेक्षक मृत्यूंची मोजदाद विसरतो आणि माणसे आठवतो, ही मालिकेची मोठी जमेची बाजू. इगाचे म्हातारे आणि कोगाचे विद्रूप देहधारी ह्यांनाही तिने करुणेचे धनी केले आहे. मूळ कादंबरीत हे तितके साधलेले नाही. परंतु ह्याची किंमतही तिने मोजली आहे. स्मृतिचित्रे, विलंबित संगीत आणि चेरीच्या पाकळ्या ह्यांच्या साहाय्याने मृत्यू सुंदर होतो, आणि सुंदर मृत्यूला कारण विचारावेसे वाटत नाही. सुंपूच्या दरबारातील निर्दय हिशेब मालिकेत आहे, पण तो प्रस्तावनेपुरता. कादंबरीत त्याची सावली प्रत्येक पानावर पडते. मालिका पाहून वैर व प्रेम ह्यांच्या संघर्षाने डोळे पाणावतात. कादंबरी वाचून सत्तेचा राग येतो. प्रस्तुत लेखकास दुसरा परिणाम अधिक टिकाऊ वाटतो.

२००५ मध्येच शिमोयामा तेन ह्याने दिग्दर्शित केलेला शिनोबी हा चित्रपट निघाला. त्यात निंजांची संख्या प्रत्येकी पाचावर आणली आहे आणि शेवट बदलला आहे. गेन्नोसुके ओबोरोच्या हातून मरण स्वीकारतो. ओबोरो इएयासूसमोर आपले डोळे निकामी करून दोन्ही गावांसाठी अभय मागते. शांततेच्या युगाला निंजा नकोसे झाले, हे राजकीय तात्पर्य चित्रपट उघड सांगतो. कादंबरीतील संदिग्धता त्यामुळे जाते आणि बहुतेक पात्रांची ओळख होण्याआधीच ती संपतात.

निंजाकथेला १९५९ च्या सुमारास जपानात एकाएकी बहर आला [⟶ जपानी साहित्य]. शिबा र्‍योतारोच्या फुकुरो नो शिरो ह्या कादंबरीला त्याच वर्षाच्या उत्तरार्धाचे नाओकी पारितोषिक मिळाले. शिरातो सान्पेई ह्याने निंजा बुगेइचो ह्या चित्रकथेत (१९५९–६२) निंजाला शेतकऱ्यांच्या बंडाशी जोडले. मुरायामा तोमोयोशीच्या शिनोबी नो मोनो ह्या कादंबरीत निंजा हा धूर्त धन्याने राबविलेला श्रमिक आहे. ह्या तिघांच्या तुलनेत यामादाला विचारप्रणाली नाही, असे म्हटले गेले. आणि ते खरेही आहे. पण दोन गटांतील अनोख्या शक्तींच्या माणसांची एकास एक झुंज, हा त्याने घडविलेला साचा सर्वांत दूरवर पोहोचला. योकोयामा मित्सुतेरूच्या इगा नो कागेमारू (१९६१–६६) ह्या चित्रकथेपासून कावाजिरी योशिआकीच्या १९९३ मधील जूबेई निंपूचो ह्या चित्रपटापर्यंत त्याचे वंशज दिसतात. किशिमोतो मासाशीच्या नारुतो (१९९९–२०१४) ह्या विस्तीर्ण चित्रकथेतील उचिहा कुळाची कथाही ह्या परंपरेत बसते. तीत इताची हा राज्याच्या गुप्त आज्ञेने स्वतःच्या कुळाचा संहार करतो आणि धाकट्या भावाच्या नजरेत कलंकित होऊन जगतो. नाव बुडवून कर्तव्य करणारा हा निंजा गेन्नोसुकेचा दूरचा नातेवाईक शोभेल. फरक असा, की किशिमोतो अखेरीस त्याचे नाव उजळवितो. आज्ञा देणाऱ्या राज्याचा जाब मात्र अर्ध्यावर सोडतो.

कोगा निंपोचोचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये यामादा मासाकी ह्या दुसऱ्या लेखकाने तिचा उत्तरभाग म्हणून ओका निंपोचो ही कादंबरी लिहिली व २०१८ मध्ये तिच्यावरून ॲनिमे मालिका निघाली. गेन्नोसुके आणि ओबोरो ह्यांची मुले हे तिचे नायक आहेत. मूळ कादंबरीत ह्या दोघांना ना विवाह लाभला ना संतती. पुढच्या पिढीसाठी त्यांनी मागे ठेवले ते गुंडाळीवरील एक खोडलेले पान.